आबांचे बायपास आणि आमची काळजी

लागणीच्या नोंदी घेताना तुम्ही विचारता, "आबा कसे हायेत?" वडिलांच्या बायपास शस्त्रक्रियेला पाच आठवडे झाले. टाके वाळले; पण छातीचे हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर घागर, खताचे पोते, दारे धरणे बंद. शीर काढलेल्या पायाला सूज येते.

आमची काळजी वेगळीच होती. आबा जेवेनात, बोलेनात. डॉक्टर म्हणाले, असे पुष्कळांचे होते, पण आम्हाला सांगत चला. आता रोज सकाळी दोघे बांधापर्यंत चालतो. परवा त्यांनीच विचारलं, "खोडव्याचं पाचट जाळलं न्हाईस नव्हं?" आम्हाला हायसं वाटलं.

मात्र ताप, धाप, जखमेतून पाणी दिसल्यास लगेच दवाखाना गाठा. गोळ्या मनाने थांबवू नका.