उतरलेले वजन पुन्हा का चढते

प्रयत्नपूर्वक उतरवलेले वजन वर्षा-दोन वर्षांत पुन्हा चढले, की घरातली मंडळी, शेजारीपाजारी आणि क्वचित डॉक्टरही त्या माणसाच्या मनोनिग्रहाच्या अभावावर ठपका ठेवून मोकळे होतात. आणि दुःखाची गोष्ट ही की, तो माणूसही आपल्याविरुद्ध गेलेला हा निकाल मुकाट्याने मान्य करतो. शरीराची कैफियत ऐकून न घेता दिलेला हा निकाल, माझ्या मते, उघड अन्यायाचा आहे.

मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ५० स्थूल व्यक्तींना १० आठवडे अत्यल्प आहारावर ठेवले होते. वजन उतरताच मेदपेशींतून स्रवणारे, तृप्तीची वर्दी मेंदूला देणारे लेप्टिन घटले, आणि जठरातून येणारे, क्षुधा चेतवणारे घ्रेलिन वाढले, यात नवल नव्हते. नवल हे की, वर्ष लोटल्यावरही हे स्राव मूळ पातळीवर आले नव्हते आणि त्या माणसांची भूक पूर्वीपेक्षा तीव्रच राहिली होती. तेव्हा ‘चार महिने कळ सोसली, की शरीराला सवय होते’ हे आश्वासन, कितीही सद्‌हेतूने दिलेले असो, वस्तुस्थितीला धरून नाही.

चयापचय मंदावला म्हणजे सर्व संपले, हा याच्या उलट टोकाचा समज. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरच्या वजन घटवण्याच्या एका स्पर्धेतील १४ स्पर्धकांची ६ वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा ऊर्जाव्यय अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांकांनी कमी आढळला. हा आकडा सर्वत्र गाजला. परंतु ज्यांनी वजन अधिक प्रमाणात राखले होते त्यांच्यातही ही मंदी होती, किंबहुना अधिकच होती, आणि त्यांनी शारीरिक हालचाल इतरांहून कितीतरी वाढवलेली होती, ही गोष्ट फारशी कोणी सांगितली नाही.

‘शंभरातल्या पंचाण्णवांचे वजन परत येतेच’ या नेहमीच्या विधानाचे मूळ बहुधा १९५९ साली अल्बर्ट स्टंकार्ड यांनी सहकाऱ्यासह लिहिलेल्या लेखात दाखवले जाते. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातील १०० रुग्णांची ती नोंद असून दोन वर्षांनी केवळ दोघांनीच उतरलेले वजन राखले होते. पण त्या रुग्णांना आहाराचे टिपण देऊन घरी पाठवण्यापलीकडे साहाय्य असे जवळजवळ नव्हतेच. अशा व्यवस्थेच्या अपयशावरून मनुष्यमात्राचे भवितव्य मुक्रर करणे योग्य नव्हे. १९९४ साली रीना विंग आणि जेम्स हिल यांनी, निदान ३० पौंड वजन घटवून ते वर्षभर टिकवलेल्या माणसांची नोंदवही अमेरिकेत सुरू केली, आणि तीत पुढे १० हजारांहून अधिक नावे दाखल झाली. ही मंडळी आपणहून आलेली असल्यामुळे यशाचे सर्वसाधारण प्रमाण त्यांच्यावरून काढता येणार नाही; परंतु त्यांचा नित्यक्रम मात्र बोलका आहे: बहुतेकांचा रोज सुमारे तासभर व्यायाम, मुख्यतः चालणे; आठवड्यातून निदान एकदा काट्यावर उभे राहणे; आणि सणावारीही आहारात फारशी ढिलाई न करणे. दोन ते पाच वर्षे वजन राखलेल्यांना पुढचा काळ तुलनेने सुकर जातो, असेही त्या नोंदींतून दिसते.

नव्या इंजेक्शनांविषयी एवढेच की, सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे चाचणीत आढळले आहे. रक्तदाबाचे औषध बंद केल्यावर रक्तदाब वाढतो, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून वाचकांना आग्रहाची विनंती ही की, लग्नसराईपर्यंत किंवा उन्हाळ्यापर्यंत अशी मुदत घालून आहार आरंभू नये, आणि तो लिहून देणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावे, की वजन उतरल्यानंतरच्या वर्षांसाठी तुम्ही कोणती तरतूद केली आहे.