आयसीयूनंतरचा पहिला घास

घरातलं माणूस आयसीयूतून वॉर्डात आलं की आपल्याकडे लगेच मुगाचं कढण, मऊ भात डब्यात भरला जातो. पण भरवण्याआधी जरा थांबा.

व्हेंटिलेटरवर पडून असलेल्या रुग्णाचे स्नायू झपाट्याने झिजतात. लंडनमधल्या डॉक्टरांच्या २०१३ च्या अभ्यासात दहा दिवसांत मांडीच्या एका स्नायूचा आकार सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी घटलेला दिसला. गिळणं हेही स्नायूंचंच काम. त्यात नळीमुळे घसा दुखावलेला आणि बधिर झालेला असतो. मग पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतं. कधीकधी ठसकाही लागत नाही आणि न्यूमोनिया झाल्यावरच ते कळतं.

म्हणून डॉक्टरांना आधी विचारा, "गिळण्याची तपासणी झाली का?" ती स्पीच थेरपिस्ट करतात. त्यांना घडवणाऱ्या मुंबईच्या अली यावर जंग संस्थेचं केंद्र आपल्या सिकंदराबादलाही आहे.

परवानगी मिळाल्यावर रुग्णाला ताठ बसवा, छोट्या चमच्याने, सांगितलं असेल तेवढंच घट्ट द्या. फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम रोज करून घ्या. गेलेली ताकद सावकाश परत येते. डबा दोन दिवस उशिरा उघडला तरी चालेल.