फिकट चित्रणातली आई

वरणगावात वैशाखातलं लग्न म्हणजे मांडवाबाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि मांडवात काळवंडलेले चेहरे! माझ्या मुलीच्या लग्नाचं चित्रण भाच्यानं केलं. पडद्यावर पाहताच मी वैतागलो. शालूसुद्धा धुऊन विटल्यासारखा!

"मामा, हे फ्लॅट आहे. रंग नंतर खुलवायचे," तो म्हणाला.

निकॉननं 2014 साली डी810 कॅमेऱ्यात ही सोय याच नावानं दिली. तिच्यात उजेड-सावलीतला फरक सौम्य नोंदला जातो. त्यामुळे उन्हातलं धोतर पांढरंफटक न होता आणि सावलीतला चेहरा काळा न पडता दोन्हींचा तपशील राखायला मदत होते.

पण फुकट काहीच मिळत नाही, हे मी बँकेत शिकलो. आठ बिटांच्या चित्रणात प्रत्येक मूळ रंगाच्या पायऱ्या 256च. नंतर फार ताणलं, तर निरभ्र आकाशात पट्टे उमटतात. रंग खुलवायला सवड नसेल, तर नेहमीचं सेटिंगच बरं.

भाचा आठवडाभर संगणकापुढे बसला. मग मांडवाच्या कोपऱ्यात आई दिसली, सुरकुत्यांसकट, हसणारी. आज ती नाही. ते चित्रण मात्र आम्ही अजून लावतो.