स्पर्धेची गोळी आणि रोह्याचा खांदा

जालना-जिंतूर रस्त्यावरून सेलूची वाट जेथे फुटते, त्या देवगाव फाट्यावर कापसाला बोंडे धरू लागली आणि तुरीच्या शेंगा भरू लागल्या की चहाच्या टपरीवरील बोलणे पाऊसपाण्यावरून निघून रोही (नीलगाय), रानडुक्कर आणि हरणांच्या कळपांवर येऊन ठेपते. रात्रभर जागल करून डोळे तांबारलेला शेतकरी वनखात्याच्या कचेरीत गुदरलेल्या अर्जाची आणि नुकसानीच्या पंचनाम्याची कैफियत मांडतो, आणि ती पुरी होते न होते तोच ऐकणाऱ्यांपैकी एखादा जाणकार हमखास सांगतो, की सरकारने एकदा हुकूम द्यावा आणि ऑलिंपिकवाले वापरतात ती ‘मॅच’ची गोळी आणावी, म्हणजे एका बारात एक जनावर आडवे. या एका वाक्यात इतके गैरसमज एकत्र नांदतात, की ते सुटे करून पाहणे अगत्याचे आहे.

त्यांतील सर्वांत उथळ तो आधी निकालात काढू. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले, किंवा त्यापूर्वी 2010 साली तेजस्विनी सावंत म्युनिक येथे 50 मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या, तेव्हा त्यांच्या रायफलींतून सुटली ती .22 बोअरची, सुमारे अडीच ग्रॅम वजनाची, बिनकवचाची शिशाची गोळी होती. ध्वनीच्या वेगाच्या आसपास जाणारी ही गोळी पन्नास मीटरवरील कागदाला हव्या त्या बिंदूवर छिद्र पाडते, आणि तेवढ्याचसाठी ती घडविलेली असते. दोनशे किलोंच्या नर रोह्यावर ती झाडणे हा नेमबाजीचा पराक्रम ठरत नाही. ते निव्वळ क्रौर्य होय.

अधिक सूक्ष्म, आणि म्हणूनच अधिक चिवट गैरसमज मोठ्या बोअरच्या मॅच गोळीविषयी आहे. अमेरिकेतील सिएरा कंपनीची 168 ग्रेन, म्हणजे सुमारे 10.9 ग्रॅम वजनाची ‘मॅचकिंग’ गोळी हातात घेऊन निरखून पाहिली, तर तिच्या अणकुचीदार टोकाशी टाचणीच्या माथ्याएवढे छिद्र दिसते. आणि ते पाहून, शिकारीची पोकळ टोकाची गोळी जशी शरीरात शिरताच उमलते तशी हीही उमलणार, असा तर्क बांधला जातो. वस्तुतः ते छिद्र घडणीच्या क्रमातून मागे राहिलेले आहे. साध्या लष्करी गोळीचे तांब्याचे कवच टोकाकडून बंद असते आणि शिसे मागून भरतात, त्यामुळे तिचा तळ उघडा व काहीसा ओबडधोबड राहतो. मॅच गोळीत हा क्रम उलटा करून, तळ अखंड असलेल्या कवचाच्या पेल्यात शिशाचा गाभा पुढून बसवितात आणि मग साच्यात दाबून टोक निमुळते करतात. ते पूर्णपणे मिटत नाही, एवढाच त्या छिद्राचा इतिहास. हा सारा खटाटोप तळासाठी असतो, कारण नळीच्या तोंडाशी दारूचा वायू गोळीला अखेरचा रेटा देतो तो तळावर, आणि तेथे केसभर असमानता असली तरी गोळी डगमगते.

याचा एक दाखला विलक्षण ठिकाणी मिळतो. कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यात इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनविलेल्या उघड्या नाकाच्या गोळ्यांनी युरोपात जो गहजब उडाला, त्यातून 1899 च्या हेग येथील जाहीरनाम्याने मनुष्यदेहात सहज पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरविल्या. पुढे अमेरिकन लष्कराने आपल्या अचूक नेमबाजांना मॅच गोळी द्यावयाचे मनात आणले, तेव्हा टोकावरील त्या छिद्राने विधितज्ज्ञांपुढे पेच उभा केला. त्यांनी 1985 मध्ये आणि पुन्हा 1990 मध्ये अभिप्राय दिला तो असा, की हे छिद्र गोळी पसरविण्यासाठी नसून अचूकतेसाठी केलेल्या घडणीचा परिणाम आहे, सबब ती गोळी निषिद्ध नाही. ज्या गोळीला पसरण्याचा हेतू नाही म्हणून रणांगणावर मोकळीक मिळाली, तीच पसरते म्हणून शिकारीसाठी मागविणे हा तर्काचा अजब उलटफेर म्हणावा लागेल. खुद्द सिएरा कंपनीही ती शिकारीसाठी वापरू नये असेच सांगते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे: या गोळीने जनावर जागीच पडलेले अनेकांनी पाहिले आहे, त्याचे काय? पडते, हे खरे. परंतु ती एकदा जसे वागते तसे दुसऱ्यांदा वागेलच याची हमी नाही. जवळून, पूर्ण वेगाने खांद्याच्या हाडावर आदळली तर तिचे पातळ कवच फाटून शिशाच्या ठिकऱ्या होतात, आणि वर दिसायला भयंकर पण आत उथळ अशी जखम घेऊन जनावर पळते. उलट लांबून, वेग मंदावल्यावर फासळ्यांतून गेली, तर कधी ती न उमलता बारीक वाट पाडून आरपार निघते, कधी आत कोलांटी खाऊन भलत्याच दिशेला वळते. अशा रीतीने जखमी झालेले रानडुक्कर रात्री उसाच्या फडात शिरले, तर पहाटे पाणी धरायला जाणाऱ्या माणसावर काय प्रसंग ओढवतो, हे दुधना नदीकाठच्या रयतेला सांगावे लागत नाही. बर्गर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने पातळ कवचाची गोळी मुद्दाम शिकारीसाठी म्हणून विकली आणि तिचे भक्तही पुष्कळ आहेत. पण ती प्रथम काही इंच शिरून मग फुटावी असा तिचा बेत असतो, आणि त्यावरून प्रत्येक मॅच गोळीला शिकारीचा दाखला देता येत नाही.

शिकारीची गोळी कशी असावी, हे जॉन नोसलर या अमेरिकन शिकाऱ्याला 1946 साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात उमगले. त्याच्या वेगवान रायफलीच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या एका मूस जातीच्या थोराड हरणाच्या अंगावर वरच्यावर फुटून गेल्या. तेव्हा त्याने कवचाच्या मध्यभागी तांब्याचाच आडवा पडदा ठेवून पुढचे शिसे पसरावे आणि मागचे अखंड राहून खोल जावे, अशी ‘पार्टिशन’ गोळी घडविली. दुधनेच्या पाणथळीत लोळून चिखलाची पुटे चढविलेला रानडुकराचा नर, ज्याच्या खांद्यावर कातडीखाली चिवट ऊतींची जाड ढाल असते, त्या मूसहून पुष्कळ लहान असला तरी गोळीपुढे तोच प्रश्न टाकतो.

अचूक गोळी म्हणजे दयाळू गोळी, हे विधान तर ऐकताच पटते, आणि पटते म्हणूनच ते तपासावे. रोह्याचे हृदय आणि फुप्फुसे पुढील पायामागे, छातीच्या खालच्या भागात, वीतभराहून मोठ्या पट्ट्यात असतात. शंभर मीटरवर चांगल्या रायफलीतून साधी मऊ नाकाची गोळीही दोन-तीन इंचांच्या वर्तुळात बसते. मॅच गोळीने ते वर्तुळ एका इंचावर आणले, तरी त्या अतिरिक्त अचूकतेचा जनावराला लाभ शून्य, कारण चुका होतात त्या अंधारात, घाईत, हलत्या लक्ष्यावर आणि धपापत्या छातीने घोडा दाबणाऱ्या माणसाकडून.

आता राहिला हुकमाचा प्रश्न. पीक आपले, शेत आपले, तेव्हा जनावर मारण्याचा अधिकारही आपला, ही समजूत कायद्याला मान्य नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 9 ने शिकार निषिद्ध केली असून कलम 11 खाली, उभ्या पिकासह मालमत्तेला धोका झाल्यास, मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी सकारण लेखी आदेश देऊ शकतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आलेल्या रोही व रानडुकरांना हे लागू होते. काळवीट मात्र पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्याने हरभऱ्याचे शेत फस्त केले तरी केवळ पिकाच्या कारणाने त्याला मारण्याचा आदेश देण्याची तरतूद नाही.

बंदुकीचेही तसेच. शस्त्र अधिनियम, 1959 पीकरक्षणासाठी नाव घेतो ते ठासणीच्या बंदुकीचे. तिच्या किंवा छऱ्यांच्या दुनळीच्या गुळगुळीत नळीत रायफलीची गोळी चालतच नाही, मग ती मॅच असो वा आणखी कोणती. रायफलीचा परवाना ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या हाती बहुधा .315 बोअर असते आणि तिच्यासाठी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होणारे काडतूस मुळातच मऊ नाकाच्या गोळीचे असते. खेळाडूला सराव व स्पर्धेसाठी मंजूर झालेली काडतुसे शेतावर झाडल्यास परवान्याच्या अटींचा भंग होऊन निराळाच गुन्हा घडतो. आणि रीतसर आदेशान्वये मारलेले जनावरही, वन्यजीव अधिनियमाच्या कलम 39 प्रमाणे, सरकारची मालमत्ता ठरते. मारणाऱ्याचा त्यावर हक्क राहत नाही.