‘ठक’, ‘ठग’ आणि ‘स्थगित’ : एका शब्दकुळाचा अर्थविचार

फसवणुकीचा अर्थ व्यक्त करणारे शब्द मराठीत विपुल आहेत. ‘कपट’ आणि ‘वंचना’ हे संस्कृतातून आले, ‘दगा’ फारसीतून आला, तर ‘लबाडी’ आणि ‘फसवणूक’ हे नित्याच्या बोलण्यात रुळलेले शब्द आहेत. या सर्वांत ‘ठक’ या शब्दाचे स्थान काहीसे निराळे आहे. त्याचा सगोत्र ‘ठग’ हा शब्द बहुतेक उत्तर भारतीय भाषांत नांदतो आणि एकोणिसाव्या शतकात तो इंग्रजीतही स्थिरावला. या प्रवासात शब्दाचे रूप फारसे बदलले नाही. बदलला तो अर्थ, आणि तोही असा की फसवणूक हा त्याचा गाभाच नाहीसा झाला. भारतीय साहित्यकृतींचा अभ्यास अनुवादांच्या आधारे करणाऱ्यास हा बदल ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

प्रथम व्युत्पत्तीचा विचार करू. परंपरेने ‘ठग’ हा शब्द संस्कृत ‘स्थग्’ या धातूशी जोडला जातो. या धातूचा अर्थ झाकणे, आच्छादणे. ‘स्थगन’ म्हणजे आच्छादन. विडा ठेवण्याच्या पेटीस ‘स्थगी’ वा ‘स्थगिका’ असे नाव आहे. आणि कोशकारांनी ‘स्थग’ या शब्दाचा अर्थ धूर्त, वंचक असा दिला आहे. जो आपला हेतू झाकतो तो स्थग, अशी ही अर्थसंगती होय. तौलनिक भाषाशास्त्रात या धातूचा संबंध लॅटिनमधील ‘तेगेरे’ (झाकणे) या क्रियापदाशी लावला जातो. इंग्रजीतील ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द त्याच लॅटिन क्रियापदापासून, ‘आच्छादन दूर करणे’ या अर्थाने सिद्ध झालेला आहे. हा संबंध मान्य केल्यास ठग आणि त्याचा माग काढणारा हे दोघेही एकाच मूळ कल्पनेपाशी येऊन भेटतात.

याच धातूपासून झालेला ‘स्थगित’ हा शब्द मराठी वाचकाच्या नित्य परिचयाचा आहे. सभा स्थगित होते, खटला स्थगित होतो. संस्कृतात मात्र ‘स्थगित’ म्हणजे झाकलेले, लपविलेले. पुढे दार लावून घेतल्याप्रमाणे बंद केलेले, आणि त्यावरून थांबविलेले. आज ‘तहकूब’ या अर्थाने वापरल्या जाणाऱ्या या शब्दाच्या मुळाशी झाकण्याचीच क्रिया आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

तथापि ‘स्थग’ पासून ‘ठग’ ही वाट ध्वनिदृष्ट्या अगदी सरळ नाही. आरंभीच्या ‘स्थ’चा ‘ठ’ होणे प्राकृतास अपरिचित नाही. ‘स्थान’ या शब्दापासून ‘ठाण’ आणि त्यावरून मराठी ‘ठाणे’ असा क्रम दाखविता येतो. अडचण आहे ती शेवटच्या व्यंजनाची. दोन स्वरांमधील एकेरी ‘क’ आणि ‘ग’ महाराष्ट्री प्राकृतात सामान्यतः लोप पावतात : ‘लोक’चे ‘लोअ’ होते, ‘सागर’चे ‘साअर’. मग ‘ठक’ आणि ‘ठग’ यांतील अंत्य व्यंजन टिकले कसे? ते मूळच्या जोडव्यंजनाचे अवशिष्ट रूप असावे, हेच उत्तर संभवते. पंजाबीतील ‘ठग्ग’ आणि कन्नडमधील ‘ठक्क’ ही रूपे या अनुमानास पुष्टी देतात. म्हणजेच लोकव्यवहारात ‘ठग्ग’ आणि ‘ठक्क’ अशी दोन जवळची रूपे नांदत असावीत आणि निरनिराळ्या भाषांनी त्यांपैकी एक वा दोन्ही स्वीकारली असावीत. हिंदी, गुजराती, पंजाबी आणि असमिया यांत ‘ग’चे रूप प्रबळ आहे, मराठी, ओडिया आणि कन्नड यांनी ‘क’चे रूप जतन केले, बंगालीत ‘ठग’ आणि ‘ठक’ ही दोन्ही आढळतात. संस्कृत ‘स्थग’ हे या देशी शब्दाचे मूळ असेल, किंवा लोकांच्या तोंडच्या शब्दाला पंडितांनी चढविलेला तो संस्कृत साजही असेल. दोन्ही पक्षी, झाकण्याची कल्पना जुन्या भाषाभ्यासकांना या शब्दात जाणवली होती, एवढे निश्चित.

मराठीतील ‘ठक’ हा माणसाच्या कृतीवरून ठरतो. जो ठकवितो तो ठक. जो ठकतो तो भोळा. तराजूत मारणारा दुकानदार ठक असू शकतो, गोड बोलून पैसे लांबविणारा स्नेहीही असू शकतो. ‘ठकास महाठक’ ही म्हण तर फसविणाऱ्याला फसविणाऱ्याचे काहीसे कौतुकच करते. वृत्तपत्रांचा लाडका ‘ठकसेन’ हा शब्दही थट्टेचा सूर सोडीत नाही. या सर्व प्रयोगांत बुद्धीचा खेळ आहे. जिवाला धोका नाही.

हिंदी-ब्रज परंपरेत या शब्दाला आणखी एक पदर सुटला. ब्रज काव्यात ‘ठगौरी’ म्हणजे मोहिनी. कृष्णाच्या रूपाने वा मुरलीने भान हरपलेल्या गोपींच्या संदर्भात हा शब्द येतो. हिंदीत ‘ठगा-सा रह जाना’ याचा अर्थ विस्मयाने स्तब्ध होणे असाही होतो. कबीराच्या नावे प्रसिद्ध असलेल्या पदांत माया हीच सर्वांत मोठी ठगीण ठरते. येथे ठगविणे ही गोष्ट केवळ निंद्य राहत नाही. जे दिसते त्यामागे निराळेच काही आहे, या आध्यात्मिक जाणिवेचे ते रूपक बनते. झाकण्याची मूळ कल्पना येथे सर्वाधिक सजीव आहे.

वाटमारीशी या शब्दाचा संबंधही जुना आहे. झियाउद्दीन बरनीने चौदाव्या शतकातील आपल्या फारसी इतिहासात, जलालुद्दीन खिलजीच्या कारकिर्दीत (१२९०–१२९६) दिल्लीत पकडलेल्या सुमारे एक हजार ठगांना नावांतून लखनौतीकडे पाठवून दिल्याची हकीकत नोंदविली आहे. शीख परंपरेतील जनमसाख्यांत सज्जन ठगाची कथा येते. प्रवाशांसाठी त्याने मंदिर आणि मशीद दोन्ही बांधून ठेवली होती आणि मुक्कामास उतरलेल्यांना तो लुटून ठार करी. गुरू नानकांच्या वाणीने त्याचे हृदयपरिवर्तन झाले. या कथेत ‘सज्जन’ हे नाव हेच आच्छादन आहे. आणि महत्त्वाचे म्हणजे, ठग असणे ही सोडून देता येण्याजोगी गोष्ट आहे.

एकोणिसाव्या शतकातील राज्यव्यवहाराने नेमके हेच नाकारले. दक्षिणेत कंपनीचे अधिकारी गळफास लावून मारणाऱ्या वाटमाऱ्यांना ‘फांसीगार’ म्हणत. शेरवूड याने १८१६ मध्ये मद्रासेत लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातही तेच नाव आहे. हे नाव हत्याराचे. उत्तरेतील ‘ठग’ हे नाव युक्तीचे. कारण प्रवाशाचा विश्वास संपादन करणे हा त्या व्यवसायाचा पहिला भाग होता आणि त्यासाठी टोळीत स्वतंत्र माणसे असत. विल्यम स्लीमन याच्या मोहिमेमुळे ‘ठग’ हेच नाव सर्वत्र रूढ झाले. १८३६ मध्ये त्याने ठगांच्या गुप्त भाषेचा ‘रामसीयाना’ हा शब्दसंग्रह प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी तिसाव्या क्रमांकाचा कायदा झाला. कायदा होण्यापूर्वी वा नंतर जो कोणी ठगांच्या टोळीत होता असे सिद्ध होईल, त्यास सक्तमजुरीसह जन्मठेप द्यावी, असे त्या कायद्याने ठरविले. ठग म्हणजे कोण, याची व्याख्या मात्र त्यात नव्हती. माफीच्या साक्षीदारांना जबलपूर येथे वसविण्यात आले आणि त्यांच्या मुलांनाही तेथेच कामाला लावण्यात आले. कृत्यावरून पडलेले नाव आता माणसाला आणि त्याच्या कुळाला चिकटले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हीच दृष्टी संपूर्ण जमातींना लागू केली. फासेपारध्यांसारख्या महाराष्ट्रातील जमातींनी तिची झळ पिढ्यान्‌पिढ्या सोसली.

पुढे १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ३१० व्या कलमाने ठगाची व्याख्या केली. खून करून वा खुनासह जबरी चोरी किंवा मुलांची चोरी करण्यासाठी इतरांशी नित्य संबंध ठेवणारा तो ठग. या व्याख्येत फसवणुकीचा शब्दही नाही. फसवणूक संहितेत दूर, मालमत्तेच्या गुन्ह्यांच्या प्रकरणात ४१५ ते ४२० या कलमांत गेली आणि त्यांतील अखेरच्या आकड्याने लोकभाषेला ‘चारसौवीस’ हा नवा शब्द दिला. ठगाच्या हाती उरली ती केवळ हिंसा. मेडोज टेलर याच्या १८३९ मधील ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीने हा शब्द इंग्रजी वाचकाच्या घरोघरी नेला. परंतु आजच्या इंग्रजीत ‘थग’ म्हणजे दांडगट गुंड, जो काहीच झाकीत नाही. आच्छादनाचा शब्द उघड्या बळाचा वाचक झाला.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली, तेव्हा ठगाचे कलम तिच्यात घेतले गेले नाही. फसवणुकीचे कलमही ४२० राहिले नाही, ते ३१८ झाले; पण ‘चारसौवीस’ बोलण्यातून गेलेला नाही. कायदा शब्द निर्माण करू शकतो, तो परत घेणे मात्र त्याच्या हाती नसते. इंग्रजीतील ‘थग’बाबतही हेच घडले आहे, आणि म्हणून अनुवादकाची जबाबदारी वाढते. कबीराची ठगीण, ब्रजगोपींची ठगौरी किंवा मराठी लोककथेतील ठक यांसाठी इंग्रजीत ‘थग’ हा प्रतिशब्द योजणे म्हणजे स्लीमनचा अर्थ त्या साहित्यावर मागाहून लादणे होय. सज्जन ठगाच्या कथेत तर त्यामुळे कथेचा आशयच बिघडतो. कारण जन्माने ठग असणाऱ्याचे परिवर्तन संभवत नाही, कृतीने ठग असणाऱ्याचे संभवते.

ठग वेचून काढू गेल्यास गावच ओस पडेल, अशा आशयाची एक म्हण बंगालीत आहे. ठकविण्याचा अंश थोडाफार सर्वत्र असतो, त्याची निराळी जात नसते, हे लोकभाषेचे शहाणपण त्या म्हणीत आहे. मराठीतील ‘ठक’ या साध्या, काहीशा विनोदी शब्दाने तेच शहाणपण आजवर सांभाळले आहे.