दुसऱ्याची यादी, आपला ओटा

गेल्या ईदला मामू दोह्याहून आले आणि आमच्या धाकट्याला पोकेमॉन कार्डांचा डबा देऊन गेले. कार्डे चटईवर पसरली तशी दादींनी चष्मा लावला. “घरात पत्ते?” त्यांनी विचारले. हे तीन पानीचे पत्ते नाहीत, यात पैसे लावत नाहीत, हे समजावून सांगायला आम्हांला अर्धा तास लागला. शेवटी दादींनी दोन अटी घातल्या. खेळात पैसा यायचा नाही आणि मगरिबची अजान झाली की कार्डे डब्यात.

हा खेळ जपानमध्ये 1996 साली सुरू झाला. प्रत्येक खेळाडूचा 60 कार्डांचा डेक असतो. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. साधी एनर्जी कार्डे सोडली तर एका नावाची चारपेक्षा जास्त कार्डे चालत नाहीत. सुरुवातीला हातात सात कार्डे येतात आणि सहा बक्षीस कार्डे बाजूला पालथी ठेवतात. समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की आपले बक्षीस कार्ड उचलायचे. सहाही आधी उचलेल तो जिंकला.

सातवीतल्या मुलाने मग जे करायचे तेच आमच्या मुलाने केले. परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेतला चारिझार्ड ईएक्सचा डेक त्याने मोबाइलवर शोधला आणि यादी जशीच्या तशी वहीत उतरवली. डब्यातून आणि मित्रांशी अदलाबदल करून जवळजवळ सगळी कार्डे जमली. फक्त पिजॉट ईएक्सची दोन कार्डे मिळाली नाहीत. त्यांच्या जागी त्याने हाताला येतील ती घातली आणि मोहल्ल्यातल्या ओट्यावर उतरला. पाच डाव खेळला, पाचही हरला.

घरी आला तो मागणी घेऊनच. “पिजॉट नाही म्हणून हरतो. पाकिटांना पैसे द्या.” पाकिटात काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. हवे ते निघेल या आशेवर एकामागून एक पाकीट फोडत जायचे. दादी आतून म्हणाल्या, “मग जुगार आणखी वेगळा काय असतो?” मुलाचे डोळे भरून आले. पैसे द्यायला आमचे मन तयार नव्हते, पण नुसते ‘नाही’ म्हणून त्याला उठवावे असेही वाटेना.

आम्ही त्याला वही काढायला सांगितली. वर्गात एखाद्याचे गणित चुकले की आम्ही आधी त्याची पायरी बघतो. तसेच इथे केले. प्रत्येक डाव कुठे हातातून गेला ते लिही, म्हटले. लिहिता लिहिता त्यालाच दिसू लागले. तीन डावांत तो बक्षीस कार्डांत मागे असताना अजान झाली होती, आणि मुलांचा नियम असा की अजान होईल तेव्हा जो पुढे तो जिंकला. उरलेले दोन डाव ग्रास प्रकारच्या डेकने घेतले होते.

म्हणजे दोष पिजॉटचा नव्हता. चारिझार्ड ईएक्सचा मुख्य हल्ला 180 चा, आणि समोरच्याने उचललेल्या प्रत्येक बक्षीस कार्डामागे तो 30 ने वाढतो. हा मागे पडून मग उसळणारा डेक आहे. मोठ्या स्पर्धेत तीन डावांच्या फेरीला 50 मिनिटे असतात. तिथे उसळायला सवड मिळते. आमच्या ओट्यावर असर आणि मगरिबच्या मधल्या वेळेत सगळ्यांचे डाव आटपायचे असतात. शिवाय या चारिझार्डवर ग्रासचा हल्ला दुप्पट बसतो, आणि आमच्याकडच्या तीन मुलांचे डेक ग्रासचेच. तो स्वतः दिसतो आगीचा, पण त्याचा प्रकार डार्कनेस. त्यामुळे ग्रासवर त्याचा दुप्पट मार बसत नाही.

मग दोघे मिळून बदल करायला बसलो. पिजॉट नसल्याने त्याची पहिली पायरी असलेली दोन पिजी कार्डे निरुपयोगी होती, ती काढली. भरतीची दोन काढली. चार जागा मोकळ्या झाल्या. चारिझार्डला लागते ती फायर एनर्जी डेकमध्ये होतीच, म्हणून त्याच एनर्जीवर चालणारे दोन साधे फायर पोकेमॉन घेतले. ते लवकर हल्ला करतात आणि बहुतेक ग्रास पोकेमॉनना दुप्पट लागतात. तिसरे कार्ड रेअर कँडी. त्याने चारमँडरवरून मधली पायरी न घेता थेट चारिझार्डवर जाता येते. पिजॉट दर खेपेला हवे ते कार्ड शोधून देतो, म्हणून मूळ यादीत तीन कँडी पुरत होत्या. आम्ही चार केल्या. चौथे कार्ड हातातली कार्डे टाकून नवी सात उचलू देणारे.

तीनच्या चार केल्याने काय होते, हे मुलाने विचारले. हिशेब केला. पहिल्या सात कार्डांत कँडी येण्याची शक्यता 60 कार्डांत तीन असतील तर सुमारे 32 टक्के, चार असतील तर सुमारे 40. शाळेतली संभाव्यता त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कामाची वाटली.

चारही कार्डे अदलाबदलीतून मिळाली. पैसा एकही गेला नाही. पुढच्या सहा डावांत तो तीन जिंकला, तीन हरला. हरलेले डावही आता वहीत लिहितो.

तुमच्या घरी कार्डे असतील तर पाकिटांना पैसे देण्याआधी मुलाजवळ बसा. यादी करणाऱ्याने ती आपल्या स्पर्धेसाठी, आपल्या प्रतिस्पर्ध्यांसाठी केलेली असते. तुमचा मुलगा कोणाशी खेळतो, किती वेळ खेळतो, हातात काय आहे, एवढे तिघांनाही ठाऊक नसते: ना त्या विजेत्याला, ना पाकीट विकणाऱ्याला, ना विचारल्याशिवाय आपल्याला.

परवा शेजारचा मुलगा आमच्या धाकट्याची यादी उतरवून घ्यायला आला. धाकट्याने वही दिली, पण आधी विचारले, “तू कोणाशी खेळतोस?” दादी तसबीह फिरवता फिरवता हसल्या.