बाबांना ‘ही’ म्हणायचं की ‘दे’?

पहिलीच्या मुलासमोर इंग्रजी सर्वनामांचा तक्ता टांगा आणि तो त्याच्या कानाने ऐका. मी, ही, शी, दे, माय, आवर. यातला एकही शब्द त्याला परका वाटत नाही. ‘दे’ म्हणजे हातातलं द्यायचं, ‘आवर’ म्हणजे लवकर उरकायचं, खानदेशात ‘माय’ म्हणजे आई आणि ‘ही’ म्हणजे शेजारी बसलेली मुलगी. गुरुजी मात्र सांगतात, ‘ही’ म्हणजे तो आणि ‘मी’ म्हणजे मला. मुलाच्या डोक्यात त्या वेळी काय चालत असेल, याचा विचार वह्या तपासताना आपण फारसा करत नाही.

धुळे-सुरत महामार्गावरच्या विसरवाडीसारख्या गावात तर हे कान आणखी भरलेले असतात. विसरवाडीच्या या नवापूर तालुक्यात कुणाच्या घरी मावची बोलतात, कुणाच्या घरी भिली, कुणाच्या घरी अहिराणी. शाळेत मराठी येते, गुजरातची हद्द जवळ असल्याने बाजारात गुजराती कानावर पडते. २००० सालापर्यंत मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून शिकवत. त्या वर्षापासून ते पहिलीपासून सुरू झालं. म्हणजे सहा वर्षांचं मूल तिसऱ्या-चौथ्या भाषेची सर्वनामं पाठ करत असतं. त्याला कच्चं म्हणण्याआधी हे आठवावं.

आपलं ‘मी’ आणि इंग्रजांचं ‘मी’ सारखं ऐकू येतं, हा योगायोग नाही. मराठी ‘मी’ संस्कृत ‘मया’ या रूपातून प्राकृतमार्गे आला आणि इंग्रजी ‘मी’ त्याच मुळाचा. इंग्रजी ‘आय’ संस्कृत ‘अहम्’चा नातलग आहे आणि गुजराती ‘हुं’ही ‘अहम्’चंच रूप. बाजारात गुजराती व्यापारी ‘हुं’ म्हणतो आणि मराठी गिऱ्हाईक ‘मी’ म्हणतं, तेव्हा इंग्रजीतल्या ‘आय’ आणि ‘मी’ या दोन शब्दांची भावकी समोरासमोर उभी असते. शिक्षकाने हे एकदा वर्गात सांगावं. परकी भाषा तेवढी तरी जवळ येते.

पण नातं असलं तरी काम बदललं आहे. मराठीत ‘मी’ करणारा आणि ‘मला’ ज्याच्यापर्यंत क्रिया पोचते तो. त्यावरून मुलांना सोपा नियम दिला जातो: ‘मी’ला ‘आय’, ‘मला’ला ‘मी’. ‘त्याने मला वही दिली’ इथे तो चालतो. पण ‘मला भूक लागली’, ‘मला आंबा आवडतो’, ‘मला दोन भाऊ आहेत’ ही वाक्यं घ्या. मराठीत भूक येऊन लागते, आंबा स्वतःहून आवडतो, माणूस नुसता घेणारा असतो. इंग्रजीत भूक, आवड, भाऊ या सगळ्यांचा कर्ता माणूसच, म्हणून तिन्ही ठिकाणी ‘आय’. हा फरक फळ्यावर शेजारीशेजारी मांडला नाही, तर मूल नियम पाळूनच चुकतं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती बाबांवरच्या निबंधातली चूक. ‘माय फादर आर फार्मर. दे वर्क इन द फील्ड.’ फार्मरच्या आधीचा ‘अ’ राहिला, तो विषय वेगळा. ‘आर’ आणि ‘दे’ का आले ते बघा. बाबा शेतकरी आहेत, ते शेतात राबतात. मराठी शाळेत शिकलेलं मूल बाबांना ‘तो’ कसं म्हणेल? त्याने आदरार्थी बहुवचन जसंच्या तसं इंग्रजीत नेलं. ‘फादर’ला ‘ही’ लिहा म्हटलं की काही मुलं अडखळतात, कारण आपण बापाचा मान काढून घेतोय असं त्यांना वाटतं.

हीच वाट इंग्रजीने स्वतः एकदा चालून पाहिली आहे. जुन्या इंग्रजीत एकाला ‘दाउ’ होतं, अनेकांना ‘यू’चा पूर्वज. तेराव्या शतकापासून फ्रेंचच्या वळणाने मोठ्या माणसाला एकट्यालाही अनेकवचनाने बोलावू लागले, अगदी आपल्या ‘तुम्ही’सारखं. मग मान इतका पसरला की सगळ्यांनाच ‘यू’ आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ‘दाउ’ रोजच्या प्रमाण बोलीतून जवळपास गेलं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ते पुढेही जपलं. देवासमोर सगळे सारखे, मग एकाला तुम्ही आणि दुसऱ्याला तू कशाला, असं त्यांचं म्हणणं. ‘यू’ मुळात अनेकवचन, म्हणून आज एकटा माणूस समोर असला तरी ‘यू आर’ म्हणतात, ‘यू इज’ नाही. ‘तुम्ही आहात’ तसंच ते. समोरच्याला अनेकवचनाचा मान दिला, पण ज्याच्याविषयी बोलायचं त्याला इंग्रजीने तो दिला नाही. तिथे मान सर्वनामात नसतो. ‘सर’, ‘मिस्टर’ अशा शब्दांत आणि बोलण्याच्या पद्धतीत असतो. एवढं समजलं की मूल न अडखळता ‘ही’ लिहितं.

आता ‘दे’ एका माणसाला कधीच चालत नाही, असंही शिकवू नये. कोण ते माहीत नसेल तिथे इंग्रजीत चौदाव्या शतकापासून ‘दे’ वापरतात. ‘कुणीतरी आपली छत्री विसरलं’ यातल्या ‘आपली’ला ‘देअर’ चालतं. स्वतःसाठी ‘दे’ निवडणाऱ्या माणसांमुळे या शब्दाची चर्चा इतकी वाढली की मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी कोशाने २०१९ साली तो वर्षाचा शब्द ठरवला. घरच्या बाबांना मात्र ‘ही’च.

त्या ‘आपली’कडे थोडं थांबू या. ‘रमेशने महेशला आपली सायकल दिली’ म्हटलं की सायकल रमेशची. ‘त्याची’ म्हटलं की दुसऱ्या कुणाची. इंग्रजी ‘हिज’ला हा भेद दाखवता येत नाही; सायकल कुणाची ते संदर्भावरून ओळखावं लागतं. मुलं ‘ओन सायकल’ लिहितात ती या ‘आपली’च्या शोधात. ‘ओन’च्या आधी ‘हिज’ लावलं की वाक्य उभं राहतं.

नामांची गोष्ट वाण्याच्या दुकानात कळते. तांदूळ महाग झाले, पोहे संपले, पैसे मिळाले; आपल्याकडे हे सगळं अनेकवचनी. इंग्रजीत राइस आणि मनी मोजायची नामं नाहीत, म्हणून त्यांना ‘इज’. डोक्यावरचे केस आपण अनेक मानतो, इंग्रज सगळ्या केसांना मिळून ‘हेअर’ म्हणतो. उलट कात्री आणि विजार आपल्याला एक, त्यांच्याकडे ‘सिझर्स’ आणि ‘ट्राउझर्स’ कायम अनेक. ‘न्यूज’च्या शेवटी ‘झ’ ऐकू येतो, तरी तो एकवचनी. आणि बातमी एक असली तरी ‘अ न्यूज’ होत नाही.

एक शब्द तर नवापूर तालुक्याच्या खास ओळखीचा आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात आढळला आणि इथल्या ‘पोल्ट्री’ची बातमी देशभर गेली. आपल्या बोलण्यात पोल्ट्री म्हणजे कोंबड्यांची शेड, म्हणून मुलं बिनधास्त ‘मेनी पोल्ट्रीज’ लिहितात. इंग्रजीत पोल्ट्री म्हणजे पाळलेले पक्षी. शेवटी ‘स’ नाही, पण पक्षी जिवंत असतील तर क्रियापद ‘आर’ किंवा ‘वेअर’. ताटातल्या मांसाविषयी बोलायचं तर ‘इज’. शेडसाठी ‘पोल्ट्री फार्म’, आणि तेच मोजायचे. हे शिकवायला पुस्तकातलं उदाहरण लागत नाही, गावाबाहेरची शेड दाखवली तरी पुरे.

एक जागा अशी आहे जिथे इंग्रजीच कमी पडते आणि ती मुलांना जरूर दाखवावी. फळ्यावर दोन वाक्यं लिहा: ‘आपण बाजाराला जाऊ’ आणि ‘आम्ही बाजाराला जाऊ’. पहिल्यात ऐकणाऱ्याला सोबत घेतलंय, दुसऱ्यात तो घरी राहिलाय. गुजरातीतही ‘आपणे’ आणि ‘अमे’ असे दोन शब्द आहेत. इंग्रजीत दोन्हींना ‘वी’. मग मुलांना विचारा, ऐकणाऱ्याला आपल्यासोबत यायचं आहे हे इंग्रजीत कसं सांगाल? थोड्या वेळाने कुणीतरी ‘विथ यू’ सुचवेल, कुणी ‘लेट्स’ म्हणेल. त्या ‘लेट्स’मध्ये दडलेला ‘अस’ सुटा करून दाखवायची वेळ तीच.